अभ्यासिका खाली है

आत्या,

गेल्या रविवारी पुन्हा एकाने रस्त्यावरून वर बघत विचारलं, "खाली है?"

मी जिन्यात होते. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेले लोक नुकतेच पांगले होते आणि माझ्या हातात चहाचे उष्टे कप होते. प्रश्न ऐकला आणि मी सवयीने मागे वळून पाहिलं. कारण या प्रश्नाचं उत्तर नेहमी तुझं असायचं. स्वयंपाकघरातून तू ओरडायचीस, "हाँ भैया, है, है, ऊपर आओ!" आणि लगेच माझ्याकडे बघून जीभ चावायचीस.

या वेळी आतून काही आलं नाही. ओट्यापाशी आई भांडी लावत होती, तिने फक्त मान वर केली.

तो माणूस एका बँकेसाठी एटीएमच्या जागा शोधतो. भला वाटला. गर्दी ओसरेपर्यंत समोरच्या कडुनिंबाखाली थांबला होता. म्हणाला, कोपऱ्याची जागा आहे, दोन्ही रस्त्यांवरून दिसते, अशी जागा आता या जानकीपुरम वसाहतीत मिळत नाही. "बस, वो जो लंबी मेज़ है अंदर, वो कटवानी पड़ेगी. अगले इतवार आता हूँ दीदी, हाँ-ना बता दीजिएगा."

मी काहीच बोलले नाही. त्याने त्याचा अर्थ होकार असाच घेतला असावा. बहुतेक लोक तसाच घेतात.

बाबा म्हणाले, "ताईचं घर तूच सांभाळलंयस, तूच ठरव." आई म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? एटीएमवाल्याची कटकट नाही. नाहीतर रोज भाडेकरूंशी कोण बोलणार? तू? तुझा तर आवाजच फुटत नाही, बाई." आणि दोघं लखनौहून नागपूरच्या गाडीत बसून गेले.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी संशोधन संस्थेतून आले की वर न जाता खालीच थांबते. शटर अर्धं वर करते, दिवा लावते आणि टेबलाच्या माझ्या टोकाला बसते. थिसिसचे कागद पुढे असतात, पण लिहिते आहे ते हे. मराठीत. तू आयुष्यभर मराठीत विचारलंस आणि मी हिंदीत उत्तरं दिली. तुला वाटायचं, कॉन्व्हेंटमुळे मला मराठीची लाज वाटते. लाज नव्हती गं, ळ ची भीती होती. 'डोळे' म्हणायला जायचे आणि 'डोले' व्हायचं, आणि तू हसायच्या आधीच मी हिंदीत पळून जायचे. लिहिताना ळ नीट येतो. लिहिताना कोणी ऐकत नाही.

*

मी तुझ्याकडे आले तेव्हा हे घर धुक्यात होतं. निदान मला तसंच आठवतं. बाबांची इथल्या बख्शी का तालाबच्या तळावरून बदली झाली होती, हवाई दलात ती होतच राहायची, आणि माझी शाळा बदलू नये म्हणून मला तुझ्याजवळ ठेवलं. आजूबाजूला मोहरीची शेतं, मध्येच कुणाचं अर्धवट घर, त्याच्या गच्चीतून वर आलेल्या लोखंडी सळया. सकाळी रिक्षाची वाट बघत उभी राहिले की आपला वरचा मजला दिसायचाच नाही. खालची खोली तेवढी दिसायची आणि तिच्या डोक्यावर पांढरं काहीतरी. वाटायचं, तू ढगात पोळ्या करते आहेस.

ती खालची खोली दुकान म्हणून बांधलेलीच नव्हती. हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. कोपऱ्याचा प्लॉट, दोन बाजूंना रस्ता, मोठं शटर. पण तुला तिथे अभ्यासिका हवी होती. तू सांगायचीस, नागपूरला तुमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली होती, एक बल्ब आणि दोन सतरंज्या. घरात माणसं इतकी की पुस्तक उघडलं तर कोणाची तरी कोपरं त्यावर यायची. त्या खोलीत बसून तू परीक्षा दिलीस, सरकारी नोकरीला लागलीस, बदली होऊन लखनौला आलीस. लग्न केलं नाहीस. आणि कर्जाचे हप्ते भरून घर बांधलंस तेव्हा आधी वरचा मजला नाही, खालची खोली पुरी केलीस.

टेबल तर भिंतीही कोरड्या नसताना आलं. आलं म्हणजे तिथेच जन्मलं. सुताराने आत बसून बनवलं, एवढं लांब की नंतर बाजूचं दार आणि शटर बसलं तेव्हा ते बाहेर निघण्याची सोयच उरली नाही. सुतार म्हणाला होता, "मैडम, अब ये यहीं जिएगी, यहीं मरेगी." तू ते मला इतक्यांदा सांगितलंस की मी टेबलाला बरीच वर्षं बाई समजत होते.

आणि मग तो बोर्ड. जिना बाजूच्या गल्लीतून असल्यामुळे लोक थेट वर येतील म्हणून तू पत्र्याच्या तुकड्यावर हिरव्या रंगाने लिहिलंस आणि जिन्याच्या फाटकावर टांगलंस:

अभ्यासिका खाली है.

म्हणजे अभ्यासिका खालच्या मजल्यावर आहे. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं, हे तुला माहीत नव्हतं असं नाही. नागपूरच्या माणसाला हिंदी कोण शिकवणार, हे तुझंच वाक्य. पण घाईत मराठी हात मध्ये आला आणि लिहून गेला.

पहिला माणूस आला तो रईस भाई. त्यांचं पीसीओ, म्हणजे फोनचं दुकान, दुसऱ्या वसाहतीत होतं, तिथली जागा सुटली होती. ते जिना चढून आले, फार अदबीने उभे राहिले. मी तुझ्या ओढणीमागे होते.

"आदाब मैडम. ये अभ्यासिका जी… चली गईं क्या?"

"कौन?"

"वही, जो नीचे रहती थीं. बोर्ड पे लिखा है ना, अभ्यासिका जी ने खाली कर दिया है."

तू जिन्याच्या कठड्याला धरून हसायला लागलीस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रईस भाई गोंधळून माझ्याकडे बघत होते, मीही हसत होते, का ते न कळता. हसता हसता तू त्यांना आत बोलावलंस, पाणी दिलंस. त्यांनी त्यांची अडचण सांगितली. आणि तू म्हणालीस, "ठीक है भैया, अभ्यासिका जी को आने में अभी टाइम है. जब तक नहीं आतीं, आप बैठो."

अट एकच घातलीस, जी पुढे सगळ्यांना घातलीस. "टेबल का ये वाला कोना मेरी भतीजी का है. ये यहाँ पढ़ेगी. इसको कोई उठाएगा नहीं."

*

तू ऑफिसातून यायच्या आधीच्या सगळ्या संध्याकाळी मी त्या टोकाला काढल्या.

दुसऱ्या टोकाला काचेचा बूथ होता. लोक आत जायचे, दार ओढून घ्यायचे, आणि मग त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही. एक बाई फोन कानाला लावून फक्त मान डोलवत राहायची, जशी गाणं ऐकत असावी. एक शिपाई बूथमध्ये टोपी काढून ठेवायचा. मी पाढे लिहायचे आणि मधूनमधून काचेकडे बघायचे. अजून मला स्वप्नात बोलणारी माणसं तशीच दिसतात, काचेच्या आत.

रविवारी सकाळी माझी पाळी. आई तिकडून विचारायची, "जेवलीस का? आत्याला त्रास देत नाहीस ना?" मी इकडून, "हाँ. अच्छा. ठीक है." बूथच्या बाहेर तू उभी राहून हातवारे करायचीस, मराठीत बोल, मराठीत! रईस भाई हसायचे. "अतिया बाजी, बच्ची को डाँटिए मत."

हो, तुझं नाव. बाजी म्हणजे ताई; अतिया मात्र माझ्यामुळे. मी तुला हाका मारायचे, "आत्या, आत्या," आणि लखनौच्या कानाला ते 'अतिया' ऐकू यायचं. इथे ते चांगल्या घरातल्या बाईचं नाव आहे. रईस भाईंनी ते उचललं, त्यांच्याकडून भाजीवाल्याने, त्याच्याकडून सगळ्या मोहल्ल्याने. ईदला चार घरांतून शेवया यायला लागल्या. मी एकदा म्हटलं, सांग ना त्यांना की हे नाव नाही, नातं आहे. तू वाटी चाटत म्हणालीस, "राहू दे ना बाप्पा. एवढं चांगलं नाव फुकटात मिळून राहिलं."

मग मोबाइल स्वस्त झाले. बूथमध्ये लोक येईनासे झाले आणि रईस भाई त्यात छत्री ठेवायला लागले. एक दिवस ती काच हातगाडीवर आडवी पडून गेली. त्या काचेत आकाश होतं. मी दारात उभी राहून ते गल्लीच्या वळणापर्यंत जाताना बघितलं.

तू बोर्ड बाहेर काढलास. हिरव्या रंगाचा डबा उघडलास. "ह्या वेळी 'नीचे' लिहिते आणि अभ्यासिका सुरूच करते," म्हणालीस. रंग सुकला होता, त्यात टर्पेंटाइन घालायला हवं होतं, ते आणायचं राहिलं, तोवर तसाच टांगते म्हणालीस. तसाच टांगलास. आणि आठवडाही उलटला नसेल, नसरीन आपा आल्या.

*

त्यांचं लखनवी चिकनकारीचं काम होतं. भरतकाम त्या करायच्या नाहीत, त्या कापडावर नक्षीचा छापा उठवून बायकांना वाटायच्या आणि भरून आलेलं गोळा करायच्या. टेबलावर गादीसारखं काहीतरी अंथरलेलं, त्यावर पांढरी मलमल, आणि त्यांच्या हातातला लाकडी ठसा. ठप्प. उचलला की निळी कैरी. ठप्प, निळी वेल. शाळेतून आले की अख्खं टेबल निळ्या पानांनी भरलेलं असायचं आणि शेवटी, माझ्या टोकाला, एक चौकोन कोरा. तिथे माझं दप्तर.

"बिटिया, ज़रा हाथ उधर रखिए आप, रंग लग जाएगा." इतक्या मोठ्या बाई, मला 'आप' म्हणायच्या. त्यामुळे मी अजूनच गप्प व्हायचे.

रंग लागायचाच. एकदा माझ्या भूगोलाच्या वहीत, नकाशावर, समुद्राच्या मधोमध एक कैरी उठली. वर्गात सिस्टरने ती वर धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, हे कुठलं बेट? सगळे हसले. घरी येऊन मी तुझ्यापुढे वही टाकली आणि रडले. तू चष्मा लावून नीट पाहिलंस. म्हणालीस, "छान आहे की बेट. जायला पाहिजे एकदा." आणि नसरीन आपांनी घाबरून वही धुवायला घेतली, कारण त्यांचा निळा रंग धुतला की जातो. कापडावरून जातो. वहीवरून समुद्र गेला, कैरी राहिली.

त्या गेल्या कारण त्यांच्या मुलाने चौकाजवळ मोठी जागा घेतली. जाताना तुला एक कुर्ता देऊन गेल्या, अंगुरी रंगाचा. तो अजून कपाटात आहे. मी तो कुणाला दिलेला नाही. आईने विचारलं तेव्हा मी हिंदीत काहीतरी पुटपुटले.

मग साइबर कैफे. दोन भावांनी टेबलावर प्लायवुडच्या भिंती घातल्या, प्रत्येक खणाला पडदा. माझं टोक भिंतीबाहेर राहिलं, अट होती ना. आत पंख्यांची गुणगुण, कळफलकांची खडखड, आणि लाइट गेली की सगळ्या पडद्यांआडून एकदम "ओहो यार!" तू ऑफिसातून यायचीस आणि परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या मुलांच्या मागे उभी राहायचीस. "अरे, वडिलांचं नाव, पिताजी का नाम, बड़े अक्षर में डालो!" ती पोरं तुला घाबरायची आणि तुझीच वाट बघायची. भाऊ म्हणायचे, मैडम, आप ही काउंटर सँभाल लो.

मी तेव्हा दहावीत होते, थोडं बोलायला लागले होते. घरात, फक्त तुझ्याशी. एकदा म्हटलं, "आपको वो रीडिंग रूम खोलना ही नहीं है. हर बार किसी को दे देती हो. मना क्यों नहीं करतीं?"

"कुणाला मना करू? लोक गरजेनं येतात."

"बस बोलना है, नहीं है. इतना सा तो है."

"हो का? मग तू करून दाखव."

तू ते विसरली नाहीस. कैफेवाले भाऊ गेले, बोर्ड पुन्हा फाटकावर चढला, आणि एका दुपारी खालून आवाज आला, "सुनिए, खाली है?" तू मला खांद्याला धरून जिन्यात पुढे ढकललंस. "जा. सांग नाही म्हणून."

खाली मिश्रा भाभी उभ्या होत्या. तेव्हा भाभी हे माहीत नव्हतं, घामाने डबडबलेली एक बाई होती, हातात केकचा खोका. "बेटा, दुकान खाली है क्या?" मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. नाही अशीच हलवली होती गं, आईशपथ. पण घाबरून ती कुठल्या कुठे गेली असेल. त्या म्हणाल्या, "अरे वाह!" आणि जिना चढायला लागल्या.

त्यानंतर वर्षभर तू प्रत्येकाला सांगत होतीस, "आमच्या पोट्टीनं मान हलवली आणि घरात बेकरी आली."

*

भाभींच्या काळात आपल्या जिन्याला व्हॅनिलाचा वास यायचा. मी कॉलेजला, मग इथल्याच संशोधन संस्थेत फेलोशिपवर, आणि रोज संध्याकाळी दार उघडण्याआधी तो वास. टेबलावर ओळीने केक, त्यांवर लिहिलेली नावं. वसाहतीत कुणाचा वाढदिवस कधी, मला सगळं माहीत असायचं, आणि त्यातल्या एकाशीही मी बोललेले नसायचे. तू निवृत्त झालीस तेव्हा भाभींनी केक केला. त्यावर गुलाबी अक्षरांत: हैप्पी रिटायरमेंट अतिया मैडम. ऑफिसातले लोक विचारत होते, ये अतिया मैडम कौन हैं? तू त्या नावाचा मधला तुकडा स्वतः खाल्लास.

मागच्या हिवाळ्यात भाभींनी मुख्य रस्त्यावर दुकान घेतलं. खोली पुन्हा मोकळी. तुझे गुडघे दुखायचे, प्रत्येक हाकेला तू कठडा धरून उतरायचीस. म्हणून मी म्हटलं, एटीएमला देऊन टाक. मला अजूनही वाटतं, मी योग्य तेच बोलत होते.

तू मेथी निवडत होतीस. "एटीएममध्ये बसायला जागा असते का?"

"गार्ड बैठता है ना."

"तो अभ्यास करते का?"

"आत्या, मज़ाक मत करो. रात भर लाइट रहेगी, कोना सेफ रहेगा. आपको नीचे नहीं उतरना पड़ेगा."

"उजेड राहील. पण कोणी असणार नाही त्यात." मग तू काडी मोडलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. "तुला काय वाटते, मी इतके दिवस…"

आणि कुकरची शिट्टी झाली. तू उठलीस, गॅस बारीक केलास, परत आलीस आणि म्हणालीस, ह्या भाजीवाल्याची मेथी कडू निघते हल्ली.

ते वाक्य तिथेच आहे. तू इतके दिवस काय? मी या आठवड्यात ते कितीतरी प्रकारे पुरं करून पाहिलं. तू इतके दिवस लोकांना बसवत राहिलीस ते नाही म्हणता येत नव्हतं म्हणून? की तुला हेच हवं होतं? एकदा मी तुला तोंडावर सांगितलं होतं की बोर्ड चुकलाय, तिथे 'नीचे' लिहायला हवं. तू म्हणालीस, "मला माहीत नाही का? नागपूरची आहे मी." आणि तरी बदलला नाहीस. पुढचा प्रश्न साधा होता, मग का नाही बदलत? तो मी विचारला नाही. मला वाटलं, विचारू कधीतरी. आपण एकाच घरात राहत होतो.

*

तुझं पुण्यानुमोदन खालच्या खोलीत केलं. वर एवढी माणसं मावली नसती. भंतेजी आले, टेबलाच्या मधोमध तुझा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. वंदनेची छोटी पुस्तकं बाबांनी सगळ्यांना वाटली. मी माझ्या टोकाला बसले, दुसरीकडे कुठे बसायचं ते मला कळलं नाही.

मग रईस भाई आले. खूप म्हातारे झालेत. आले आणि न विचारता टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेले, जिथे बूथ होता. नसरीन आपा मध्ये बसल्या, भिंतीकडे पाठ करून, ठसे मारायला बसायच्या तिथेच. कैफेवाल्या भावांतला धाकटा उभाच राहिला होता, मिश्रा भाभींनी त्याला हात धरून बसवलं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. त्यांची वर्षं वेगळी होती. एक गेला की दुसरा आला होता. मी एकटीच त्या सगळ्यांना ओळखत होते.

पाली कुणालाच येत नव्हती. तरी भंतेजी म्हणत होते आणि सगळे पुस्तकात बघत होते. रईस भाईंनी चष्मा वर सरकवून पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. नसरीन आपा ओळीखाली बोट फिरवत होत्या. मेणबत्त्यांचा उजेड टेबलावर, वाकलेली डोकी, पानं उलटल्याचा आवाज. बाहेर गल्लीत स्कूटर जात होती आणि आत कोणी मान वर करत नव्हतं.

आत्या, मला अगदी थोडा वेळ वाटलं की तू जिन्यावरून उतरते आहेस, कठडा धरून, आणि दारात थांबून बघते आहेस. मला रडू आलं नाही. मला तुला कोपराने ढोसून सांगावंसं वाटलं, बघ, भरली.

जाताना रईस भाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. विचारलं, "और बेटा, वो अभ्यासिका जी? आईं कभी?"

इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, तू सांगितलं असशील. त्यांना खरंच वाटत होतं की तशी कुणी बाई आहे, आणि तिची जागा ते तात्पुरती वापरत होते.

मी म्हटलं, "नहीं चाचा. अभी नहीं."

*

आज रविवार. मी सकाळी शटर पूर्ण वर केलं. ऊन सरळ टेबलापर्यंत आलं. त्याच्या लाकडात अजून सगळं आहे: बूथच्या काचेने घासलेली सरळ खूण, निळ्याचे डाग, प्लायवुडच्या खिळ्यांची भोकं, आणि एका फटीत कडक झालेलं गुलाबी काहीतरी, ते बहुतेक तुझ्या नावातलं असेल. माझ्या टोकाला काहीच नाही. इतक्या वर्षांत तिथे कुणी काही ठेवलंच नाही. नुसतं हाताने घासून घासून गुळगुळीत झालं आहे.

ते गुळगुळीत लाकूड मी बराच वेळ चाचपत बसले. अभ्यासिका सुरू झाली नाही म्हणून मी तुला टोमणे मारत होते, आणि पाढ्यांपासून थिसिसपर्यंत सगळं मी इथेच बसून केलं.

तो एटीएमवाला आला तेव्हा मी वाचत होते. दारात उभा राहिला, हातात मोजपट्टी. "नमस्ते दीदी. तो फिर, खाली है ना?"

तू मला खांद्याला धरून पुढे ढकललं नाहीस. मीच उठले.

"नहीं."

माझाच आवाज मला मोठा वाटला. त्यालाही वाटला असावा, त्याने मोजपट्टी खिशात घातली. आत पाहिलं. एवढी मोठी खोली, एक टेबल, एक मी.

"किसी ने ले लिया?"

"हाँ."

"अच्छा? किसने?"

आणि मला माहीत नाही कुठून, पण ते आलं. "अभ्यासिका जी आ गई हैं."

त्याने समजूतदारपणे मान हलवली. "कोई बात नहीं. उनका नंबर मिल जाएगा? कभी मन बदले तो…"

मी हसायला लागले. शटरचा खांब धरून, तू कठडा धरून हसली होतीस तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. 'डोळ्यांत' असं मोठ्याने म्हणूनही पाहिलं, तो गेल्यावर. जवळजवळ बरोबर आलं.

संध्याकाळी हिरवा रंग आणला, टर्पेंटाइनसुद्धा. बोर्ड पुसला, ब्रश बुडवला, आणि उडालेली अक्षरं तशीच पुन्हा गिरवली. 'खाली' चं 'नीचे' केलं नाही. आता तो फाटकावर सुकतो आहे. लोक वर येऊन विचारतील. विचारू देत.